जोर नको, बैठकाही नको

मी भांडखोर माणूस आहे, हे मला कोणी नव्याने सांगायची गरज नाही. मी शाळेत हेडमास्तरांशी भांडलो आहे, रेशनच्या दुकानात मापावरून भांडलो आहे, येवल्याच्या एसटीत खिडकीच्या जागेवरून तर एका लग्नाच्या अख्ख्या वऱ्हाडाशी भांडलो आहे. पण माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नेटाने चालवलेलं भांडण होतं ते आमच्या घराच्या मागच्या भिंतीशी.

त्या भिंतीच्या पलीकडे तालीम होती. नाशिकला आमच्या वस्तीत घरं एकमेकांना चिकटून, तशी ती आमच्या घराला चिकटलेली. रोज पहाटे पाच वाजता झुंबर वस्ताद पोरांना उभं करायचे आणि मोजायला लागायचे. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला पंधरा-वीस पोरांचा एकदम "हुं". वस्तादांचा आवाज असा, की भिंत मध्ये आहे की नाही असं वाटावं. माझ्या उशीपासून तो आवाज हातभर अंतरावर. तेराशे दिवस मी हे सोसलं आणि मग नगरपालिकेत अर्ज दिला. अर्जात चौदा मुद्दे होते. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे चौदाही मुद्द्यांत शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

माझ्या बायकोला, विमलला, मात्र ती मोजणी आवडायची. तिचं घड्याळच होतं ते. पन्नास झाले की ती उठायची, शंभरला स्टो पेटायचा, दोनशेला माझ्यापुढे चहा. एकदा तर काय झालं, पलीकडे कोणाला तरी खोकल्याची उबळ आली आणि वस्ताद एकशे सेहेचाळीसवर अडखळले. पुढचा आकडा येईना. विमल पीठ मळत होती. ती तिथूनच खणखणीत ओरडली, "एकशे सत्तेचाळीस!" पलीकडे एकदम सामसूम झाली. मग वस्तादांचा आवाज आला, "बरोबर हाय," आणि मोजणी एकशे अठ्ठेचाळीसपासून पुढे सुरू झाली. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. आठव्या दिवशी म्हणालो, "मी अर्ज करतोय आणि तू त्यांना आकडे पुरवतेस?" तर म्हणाली, "अहो, चुकीचं मोजलेलं ऐकवत नाही हो मला. मास्तरची बायको आहे."

एकोणऐंशी सालच्या जानेवारीत विमल आजारी पडली. आजारी तशी ती सहा महिन्यांपासून होती, पण सांगितलं नव्हतं. अंगावरून जायचं ते थांबत नव्हतं. शाळेतून आलो तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, ओठ पांढरे, आणि मलाच विचारते, "आज लवकर आलात?" मी वेळेवर आलो होतो. रिक्षा करून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयात गाठ आहे, काढावी लागेल. गुरुवारी सकाळी ऑपरेशन करू. पण हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही, तेव्हा आधी तीन बाटल्या रक्ताची सोय करा. तुमच्या माणसांनी रक्तपेढीत तीन बाटल्या दिल्या की पेढी तिच्या गटाच्या तीन बाटल्या देईल. तीन नसतील तर मी टेबलावर घेणार नाही. दिवस शुक्रवार होता.

मी शर्टाची बाही वर करूनच उभा राहिलो. पण मला वर्षापूर्वी कावीळ होऊन गेली होती, म्हणून पेढीने मला नको म्हटलं. विमलचा भाऊ मनमाडला रेल्वेत होता. तो रात्रीच्या गाडीने धावत आला, पण त्याला दम्याची गोळी चालू होती. त्यालाही नको म्हटलं. उरली शाळा. शनिवारी शिक्षकांच्या खोलीत मी विषय काढला, आणि काय सांगू, पाच मिनिटांत अकरा धडधाकट माणसं आजारी पडली. एकाला चक्कर येते, एकाची आई घाबरते, एकाला डॉक्टरांनी कधीतरी काहीतरी सांगितलं होतं. दर वर्षी सातवीच्या पोरांकडून "रक्तदानाचे महत्त्व" हा निबंध लिहून घेणारे हे लोक. माझ्या तोंडाला आलेलं मी गिळलं नाही. त्यातले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

संध्याकाळी विमलला हे सांगितलं तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली, "तालमीत विचारा."

"त्या दारात मी पाय ठेवणार नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. सहा महिने दुखणं लपवणाऱ्या बाईचं ते "बरं" होतं. मला ते सोसलं नाही. मी उठलो आणि तडक वस्ती गाठली.

तालमीचं दार ठेंगणं होतं, वाकूनच आत जावं लागायचं. माझ्यासारख्याचीही मान आपोआप खाली गेली. आत मातीचा आणि तेलाचा वास, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली पाटावर झुंबर वस्ताद बसलेले. बावन्न वर्षांचा माणूस, पण मान माझ्या मांडीएवढी. मी जय भीम केला. त्यांनीही केला. पोरं लढत करायची थांबली.

"मास्तर," वस्ताद म्हणाले, "अर्जात चौदा मुद्दे हाय म्हणे. पंधरावा राहिला व्हता का?"

पोरं हसली. मी नाक मुठीत धरून सगळं सांगितलं. विमल, गाठ, गुरुवार, तीन बाटल्या. ते ऐकता ऐकता पोरं हसायची थांबली.

"वहिनीला?" वस्ताद म्हणाले. "त्या एकशे सत्तेचाळीसवाल्या?"

मी मान हलवली. त्यांनी पोरांकडे पाहिलं. मल्हारी नावाचा एक उंच, दणकट गडी पुढे आला. बावीस वर्षांचा, साखर कारखान्यात हंगामी काम करायचा आणि तालमीतला पहिल्या नंबरचा मल्ल. तीन आठवड्यांनी घोटीकडच्या जत्रेत त्याची मोठी कुस्ती ठरलेली होती. "मी देतो वस्ताद," तो म्हणाला. त्याच्यामागून आणखी दोघं उठले. सोमवारी मल्हारी आणि मंगळवारी ते दोघं, असं ठरलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर वस्ताद म्हणाले, "राहू द्या. आधी काम व्हऊ द्या."

सोमवारी सकाळी मल्हारीला घेऊन मी पेढीत गेलो. तिथले डॉक्टर दक्षिणेकडचे होते. भला माणूस, पण त्यांचं मराठी "बसा" आणि "झालं" या दोन शब्दांवर चालायचं. मल्हारीच्या हाताची शीर पाहून त्यांनी कौतुकाने शीळ घातली. बाटली भरताना मल्हारी छताकडे बघत होता आणि मी बाटलीकडे. लालभडक रक्त थेंबाथेंबाने चढत होतं आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, एक झाली, दोन राहिल्या.

नंतर त्याला बाकावर बसवून चहा आणि बिस्किटं आली. मल्हारीने कप मागे सारला. "चहा नाय घेत मी. वस्तादांनी बंद केलाय." तो चहा मी प्यालो. बिस्किटंही मीच खाल्ली. हे सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस पोटात काही नव्हतं.

निघताना डॉक्टर मला म्हणाले, "नो एक्झर्शन टुडे. टेल हिम." म्हणजे आज अंगाला ताण पडेल असं काही करायचं नाही. मी भाषेचा माणूस. रुबाबात वळलो आणि भाषांतर केलं, "मल्हारी, डॉक्टर म्हणतात आज जोर करायचा नाही. बिलकूल नाही."

मल्हारी विचारात पडला. "एक बी नाय?"

"एक बी नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "लय जड जाईल, पण ठीक हाय."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. माणूस जोर "एक बी" कसा करेल? पण मी बाटल्या मोजत होतो.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी कपडे न्यायला आलो, तर दारात मल्हारीची आई चिमणाबाई उभी. पदर कमरेला खोचलेला. मागे अर्धी वस्ती.

"मास्तर, माझं पोरगं मारलंस तू!" ती ओरडली. "रगत काढून घेतलं त्याचं! भुईवर पडलं माझं लेकरू, डोळे पांढरे केले त्यानं. कपाळ फुटलं. आता त्या घोटीच्या कुस्तीचं काय? आँ? तुझी बायकू तेवढी माणूस, आन माझं पोरगं काय बोकड हाय?"

मी भांडखोर माणूस, पण त्या बाईपुढे मी हात जोडले. तालमीत तो घेरी येऊन कोसळला होता, एवढं मला लोकांकडून कळलं. कपाळाला लाकडी फळीचा कोपरा लागला होता. डॉक्टर येऊन पट्टी बांधून गेले होते, जिवाला धोका नव्हता. पण वस्तीभर एकच झालं. रक्त दिलं की पैलवान संपला. मल्हारीसारखा मल्हारी आडवा झाला, तिथे बाकीच्यांचं काय? मंगळवारी सकाळी मी पेढीच्या दारात अकरा वाजेपर्यंत उभा राहिलो. जे दोघं येणार होते त्यातलं कोणी आलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. मी असतो तरी आलो नसतो.

विमलला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलं, "किती झाल्या?" मी म्हणालो, "एक." ती म्हणाली, "मग अजून दोन." तिच्या डोक्यात आकडे कधी चुकत नाहीत. मग ती माझा हात धरून पडून राहिली. त्या हाताला वजनच नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं, आणि तिने मला.

दुपारी मी मल्हारीच्या घरी गेलो. बरं झालं, चिमणाबाई पाण्याला गेली होती, म्हणून आत जाता आलं. मल्हारी खाटेवर बसून पितळीतून दूध पीत होता, कपाळाला पट्टी. मला बघून ओशाळला.

"मास्तर, माझ्याकडून काय चुकलं कळंना झालंय," तो म्हणाला. "तुमी सांगितलं तसंच केलं मी. जोर एक बी नाय मारला."

"मग पडलास कसा?"

"तेच तर. जोर बंद म्हणून निस्त्या बैठका मारल्या. रोज तीनशे मारतो. म्हटलं, आज जोर नाय तर त्याची कसर भरून काढावी. पाचशे मारायचं ठरवलं. साडेचारशेला डोळ्यापुढं अंधारी आली."

मी खाटेच्या काठावर बसलो. वाचकहो, जोर म्हणजे दोन्ही हात जमिनीला टेकून छाती खाली-वर करायची ती कसरत, आणि बैठका म्हणजे उठाबशा, हे तालमीतलं पोर न पोर जाणतं. मीही जाणत होतो. जोर-बैठका हे दोन्ही मिळून व्यायाम. आठवीच्या वर्गात मी हेच उदाहरण फळ्यावर लिहायचो, गेली सोळा वर्षं: जोर-बैठका, म्हणजे जोर आणि बैठका, द्वंद्व समास, दोन्ही पदं सारखीच महत्त्वाची. पैलवानाला मी अर्धा समास सांगितला होता. उरलेला अर्धा त्याने इमानेइतबारे पुरा केला.

मी तिथून थेट तालमीत गेलो. या वेळी दारात मान मुद्दाम खाली घातली. वस्ताद, सगळी पोरं, आणि उंबऱ्यावर तालमीत बायकांनी जायचं नसतं म्हणून बाहेरच थांबलेली चिमणाबाई, सगळ्यांसमोर मी सांगितलं. चूक रक्ताची नाही. चूक डॉक्टरांची नाही. मल्हारीची तर नाहीच. चूक माझी. मी जोर म्हणालो आणि मला म्हणायचं होतं ताण. त्याच्या वाटचा चहाही मीच प्यालो. तुम्ही दुसरं कोणी देऊ नका, मी मागतही नाही, पण मल्हारीला कोणी कमजोर म्हणू नका. अंगातलं रक्त दिलेल्या माणसाने पाण्याचा घोटही न घेता साडेचारशे बैठका मारल्या, असा गडी मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही.

 मग वस्तादांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"आन तुमी पोरांना मराठी शिकवता," ते म्हणाले.

पोरं हसली. उंबऱ्यावर चिमणाबाईही हसली, मग हसले म्हणून स्वतःवरच चिडली.

वस्ताद हसायचे थांबले. "मास्तर, आता एक करा. त्या डाक्टरकडं परत जा. काय काय करायचं नाय ते एकेक शब्द इचारून या. आमच्या शब्दात. मोघम नको. जोर, बैठका, जोडी, मल्लखांब, लढत, माती उकरनं. हरेकाचं वेगळं इचारा. कधी सुरू करायचं ते बी इचारा."

मी तसाच धावत पेढीत गेलो. डॉक्टर निघायच्या बेतात होते. बैठकांना इंग्रजीत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं आणि हिंदीत त्यांना कळेना. शेवटी मी चष्मा टेबलावर ठेवला, धोतराचा काचा मारला आणि त्या खोलीत दहा बैठका मारून दाखवल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या. "धिस?" मी विचारलं. "नो!" डॉक्टर म्हणाले. मग मी जमिनीवर पालथा पडून जोर दाखवला. "धिस?" "नो, नो!" मग हवेत मुद्गलांची जोडी फिरवली, खांबाला पाय लपेटून मल्लखांब दाखवला, आणि लढत दाखवायला तिथल्या शिपायाला धरलं, तर तो पळाला. दारात परिचारिका जमल्या होत्या. डॉक्टर डोळे पुसत हसत होते. पण त्यांनी सगळं नीट सांगितलं, आणि मी सगळं लिहून घेतलं.

ते मी रात्री तालमीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने उतरवलं. बाटली दिली त्या दिवशी जोर नाहीत, बैठका नाहीत, जोडी नाही, मल्लखांब नाही, लढत नाही, माती उकरणे नाही. ज्या हातातून रक्त दिलं त्या हाताने घागर उचलायची नाही. चालायला हरकत नाही. पाणी पुष्कळ प्यावं, जेवण चुकवू नये. डोळ्यापुढे अंधारी आली तर लाजू नये, आहे तिथे आडवं व्हावं आणि पाय उंच ठेवावेत. पैलवानाची मेहनत साधी नसते, म्हणून पुढचे दोन दिवसही रिकामे. तिसऱ्या दिवशी निम्मं, आणि मग हळूहळू वाढवत नेहमीचं. शेवटच्या ओळीत मी लिहिलं: रक्त दिल्यावर गोड चहा चालेल. वस्तादांनी त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं, पण पुसली नाही.

बुधवारी सकाळी मी पेढीपाशी पोचलो तेव्हा पायरीवर दोन माणसं आधीच बसली होती. एक तालमीतला यादव. दुसरे वस्ताद.

"तुम्ही?" मी म्हणालो.

"पोरांना पाठवायचं आन आपन बसायचं, आसं नाय जमत," ते म्हणाले. "आन त्या माउलीनं माझी मोजनी दुरुस्त केलीय. तालमीत मला चूक कोन सांगनार? सगळे भेतात."

दोन बाटल्या भरल्या. चहा आला. झुंबर वस्तादांनी दाराकडे एकदा पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि एरंडेल घ्यावं तसा तो चहा एका दमात संपवला. "कोनाला सांगू नका," ते म्हणाले. सात वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता त्यांनीच परवानगी दिली आहे.

त्या रात्री मेहुणा दवाखान्यात थांबला आणि मी घरी येऊन पडलो. गुरुवारी पहाटे एकदम जाग आली. काय झालं ते कळेना. अंधार होता, थंडी होती, घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मग लक्षात आलं. आवाज नव्हता. भिंत गप्प होती. एक नाही, दोन नाही, "हुं" नाही. बावीस वर्षांत त्या माणसाने एक खाडा केला नव्हता. आई वारली त्या दिवशीही तो मेहनत करून मग तिच्यापाशी बसला, असं वस्तीत सांगतात. मी तेराशे दिवस आणि चौदा मुद्दे खर्चून जी शांतता मागितली होती, ती मला त्या पहाटे मिळाली होती, आणि ती त्याने माझ्या बायकोसाठी स्वतःच्या नेमातून काढून दिली होती. मी उशीत तोंड खुपसून रडलो. आवाज पलीकडे जाईल म्हणून रडतानाही जपलो.

दवाखान्याला निघालो तर तालमीच्या पायरीवर वस्ताद बसलेले. धुतलेली बंडी, हाताची घडी, शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या.

"पोरं कुठे आहेत?" मी विचारलं.

"सुट्टी दिली. दोन दिवस. मोजायला बसलो की माझं अंग आपोआप उठतं, म्हनून मोजनीच बंद."

"वस्ताद, तुमचा नेम मोडला."

"रगत काय, पुन्हा भरतं, डाक्टर म्हनला," ते पायरीकडे बघत म्हणाले. "खाडा नाय भरून निघत. पन असू द्या. चांगल्या कामाला मोडला."

  मी वाकलो आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा मास्तर, उठा," ते घाईने म्हणाले. "मला आज वाकून तुमाला उठवता येनार नाय. तुमीच लिवलंय फळ्यावर."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. तिन्ही बाटल्या लागल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिसरी नसती तर अवघड होतं." मी भिंतीला टेकून खाली बसलो. मेहुण्याने मला पाणी पाजलं. तीन अनोळखी माणसांचं रक्त विमलच्या अंगात गेलं, त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. पण ज्या तिघांनी त्याची परतफेड करून ठेवली, त्यांच्यातल्या एकाच्या कपाळावर माझ्या चुकीची खूण आजही आहे. त्या तिघांचं माझ्यावर जे आहे ते फिटायचं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

बारा दिवसांनी विमल घरी आली. चिमणाबाई तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आली आणि मला न बघता आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पाचला जाग आली. विमलही जागी होती. पलीकडे पावलं वाजत होती, माती सरकत होती, पण मोजणी येईना. कान देऊन ऐकलं तर अगदी बारीक, पुटपुटल्यासारखं काहीतरी येत होतं. अकरा, बारा, तेरा.

"हळू मोजताहेत," विमल म्हणाली. "माझ्यासाठी." मग थोडं थांबून म्हणाली, "अहो, पण अशाने मला कळणार कसं किती वाजले?"

मी उठलो. मागच्या भिंतीपाशी गेलो. ज्या भिंतीवर मी कितीतरी पहाटे रागाने थापा मारल्या होत्या, तिच्यावर तळहाताने जोरात थापा मारल्या. पलीकडे सगळं थांबलं.

"वस्ताद!" मी ओरडलो. "मोठ्याने मोजा! घरात आजारी माणूस आहे, तिला ऐकू येत नाही!"

 मग तो आवाज भिंतीतून आला, पूर्वीसारखा, हातभर अंतरावरून. चौदा! पंधरा! सोळा! आणि पोरांचा "हुं". विमल हसत पडून राहिली. शंभरला मी स्टो पेटवला. आयुष्यात पहिल्यांदा मी चहा टाकला आणि तो बिघडवला. पलीकडे मोजणी चढत चालली होती. एकशे चव्वेचाळीस. एकशे पंचेचाळीस. एकशे सेहेचाळीस.

आणि वस्ताद थांबले.

खोकला नव्हता, काही नव्हतं. सगळी तालीम श्वास रोखून उभी होती, हे मला भिंतीतून कळत होतं. विमलने मान उचलली. डोळे भरलेले होते. तिचे ओठ हलले, "एकशे सत्तेचाळीस," पण तो आवाज स्टोपर्यंतसुद्धा पोचला नसता. टाके होते, तिला जोर करायचा नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं, भिंतीला तोंड लावलं आणि छातीत होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडलो, "एकशे सत्तेचाळीस!"

"बरोबर हाय!" पलीकडून वस्ताद म्हणाले, आणि पुढे मोजायला लागले.